कादरभाईंनी उघडलेलं पान

नाशकात भद्रकालीकडून दूध बाजाराला जाताना डाव्या हाताला एक आठ फूट रुंदीचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. दारात बसून एक सडपातळ माणूस गुडघ्यावर पुस्तक धरून दोरा ओवत असायचा, तीच पाटी. हे कादरभाई जिल्दवाले. पुस्तकं बांधणारे. शाळेची, कोर्टाची, देवळाची, मशिदीची, कुणाचीही.

माझी त्यांची ओळख वडिलांमुळे झाली. माझे वडील, चिंतामणभट, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यात्रेकरूंचे उपाध्ये. आमच्या घरी दोनशे वर्षांच्या नामावळीच्या वह्या होत्या. कुठल्या गावचं कुठलं घराणं, कोण कधी आलं, त्याचा बाप कोण, आजा कोण, हे सगळं आडनावांप्रमाणे लावलेलं. या वह्या उसवल्या की वडील त्या स्वतः छातीशी धरून कादरभाईंकडे न्यायचे. घरातल्या बायकांनी एकदा कुरकुर केली, तेव्हा वडील म्हणाले, "पोथी नेत नाही मी. ही नावं आहेत. नावांना कसला विटाळ?" आणि कादरभाईही ती वही कधी जमिनीवर ठेवत नसत. हात धुऊन, पुसून, मगच हात लावत.

गावातल्या निम्म्या घराण्यांचे पूर्वज या माणसाच्या हाताखालून गेले होते. त्याला स्वतःला मात्र बापाचं नाव ठाऊक नव्हतं.

छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे एकोणीसशे सालाच्या सुमारास, नांदगावजवळ खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. तिथे पटकी आली आणि माणसं पटापट गेली. त्या वेळी हारुन जिल्दसाज नावाचे नाशिकचे कारागीर सासुरवाडीला नांदगावात आले होते. स्टेशनाबाहेर त्यांना एक सहा वर्षांचं पोर सापडलं. त्याला नाव विचारलं तर ते सांगेना, गाव विचारलं तर रडायला लागे. हारुनमियांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी पोराला आगगाडीत घातलं, नाशकाला आणलं, कादर हे नाव ठेवलं आणि पुढे सुई हातात दिली. कादरभाईंना आईची एकच आठवण होती. तिच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यातली एक पिचलेली होती. "बाकी चेहरा बघाया जातो, तर उस्तादांच्या बीबीचा दिसतो," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. त्यात दुःख फारसं नव्हतं. हारुनमियांनी त्यांना पोटच्यासारखं वाढवलं होतं.

मी तेव्हा एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. म्हणूनच एकोणीसशे तेहेतीसच्या दसऱ्यानंतर कादरभाईंचा निरोप मला आला. दुकानात एक मोठं अवघड इंग्रजी पुस्तक आलं आहे, मास्तरांनी जरा येऊन जावं.

पुस्तक आणणाऱ्या बाईंना सगळं नाशिक ओळखत होतं. मिस मार्था ॲशवेल. वय पासष्टच्या पुढे. मूळच्या अमेरिकेच्या. तीस वर्षं इथल्या मिशनच्या आवारात दवाखाना चालवत होत्या. उंच, हाडकुळ्या, डोक्यावर पांढरी सोला हॅट. मराठी अगदी व्याकरणशुद्ध बोलायच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं, भाऊ-बहीण उरले नव्हते. येत्या फेब्रुवारीत त्या कायमच्या मायदेशी परत निघाल्या होत्या.

मी दुकानात पोचलो तेव्हा त्या फळकुटावर बसल्या होत्या आणि समोर पावसाने भिजून फुगलेला पानांचा गठ्ठा होता.

"बंगल्याचे छप्पर गळाले आणि पेटीत पाणी शिरले," त्या म्हणाल्या. "हा माझ्या घराण्याचा इतिहास आहे. पहिला ॲशवेल सोळाशे अडतीस साली जहाजातून अमेरिकेत उतरला. तेव्हापासूनची सर्व मोठी माणसे यात आहेत. पुढचा भाग माझ्या आजोबांनी छापून घेतला आणि मागची पाने हस्तलिखित आहेत. आमच्या गावच्या इतिहास मंडळाला मला हे भेट द्यायचे आहे. कादरभाई, होते तसे करून द्याल ना?"

"करतो, बाई," कादरभाई म्हणाले. "छापील पानांवर आकडे हायेत. पण हातानं लिहिलेल्या पानांना आकडेच नायत, आणि ती सगळी सुटलीत. कुठलं कुठं लावायचं ते मास्तर वाचून सांगतील. चालंल?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. निघताना गठ्ठ्यावर हलकेच हात ठेवला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

मग सहा-सात रविवार माझे दुपारचे दोन तास त्या दुकानात गेले. कादरभाई पानं टिपकागदात वाळवायचे, मी वाचायचो, आणि जे वाचलं ते मराठीत सांगायचो. दुकानामागेच घर होतं. कादरभाईंच्या घरच्या, खातूनबी, आतून चहा पाठवायच्या आणि पडद्याआडून ऐकायच्या. मधूनच त्यांचा प्रश्न यायचा.

खरंच, त्या आडनावात मोठी माणसं झाली होती. पहिला जोसाया. त्याने समुद्रकाठच्या जंगलात शेत केलं आणि गाव वसवलं. त्याचा एक नातू धर्मोपदेशक, एक गव्हर्नराच्या सभेत. पुढे नॅथॅनियल नावाचे न्यायाधीश. त्यांची बायको प्रुडन्स ही सुईण होती, चाळीस वर्षांत तिने नऊशेच्या वर बाळंतपणं केली. थोरला मुलगा सॅम्युएल इंग्रजांविरुद्धच्या लढाईत तीन वर्षं लढला आणि पुढे प्रांताच्या सभेत निवडून गेला. धाकटा एलायशा जहाजाचा कप्तान झाला.

"हा एलायशा कापूस न्यायला मुंबईच्या बंदरात आला होता, सतराशे पंच्याण्णवात," मी वाचलं.

"मुंबैला?" कादरभाई खूश झाले. "मग तर आपला पाव्हणाच की!"

पडद्यामागून खातूनबी म्हणाल्या, "नऊशे बाळंतपणं करणारी ती बाई, तिच्याबद्दल काय लिहिलंय अजून?"

"छापलेलं एवढंच, एक ओळ," मी म्हणालो. "पण ही मागची हस्तलिखित पानं सगळी तिचीच आहेत. ज्या घरी बाळंतपण केलं त्याची नोंद. मूल केव्हा झालं, बर्फ किती होतं, आई कशी होती."

"बघा," खातूनबी म्हणाल्या. "त्या न्यायाधीश नवऱ्याला मात्र छापलेली चौदा पानं."

कादरभाई हसले. थोड्या वेळाने सुई खाली ठेवून ते म्हणाले, "मास्तर, एक इचारू? या घराण्यात सगळे न्यायाधीश आन् कप्तान. नुसतं दोन वेळ जेवलं, काम केलं आन् मेलं, असं कुणीच झालं नाय का?"

मी पुढचं पान उलटलं.

सहाव्या रविवारी मी गेलो तेव्हा कादरभाई माझी वाटच पाहत होते. त्यांच्या बोटांत सुईणीचं एक पान होतं. ते त्यांनी माझ्या अंगठ्याखाली दिलं.

"जाड लागतंय?"

लागत होतं.

"एक पान नाय हे. दोन हायेत. एकमेकांना चिकटलीत."

"पाण्याने चिकटली असतील."

"पाण्यानं चिकटलेलं पान वेडंवाकडं चिकटतं. हे कडेकडेनं सरळ चिकटलंय. खळ लावलीय, मास्तर. कुणीतरी बसून, मुद्दाम. पावसाच्या पाण्यानं एक कोपरा सुटला म्हणून मला कळलं."

भिजलेली पानं सोडवणं हे त्यांचं कामच होतं. त्यांनी आतून उकळत्या पाण्याची किटली मागवली. वाफेवर पान धरलं, खाली केलं, पुन्हा धरलं. मग बांबूची कागदासारखी पातळ पट्टी त्या कोपऱ्यातून आत सरकवली. अर्धा तास गेला. शेवटची कड सुटली तेव्हा आतला मजकूर कालच लिहावा तसा काळाभोर निघाला, कारण त्याला कित्येक वर्षांत उजेडच लागला नव्हता.

अक्षर सुईणीचंच होतं. मी वाचत गेलो आणि सांगत गेलो.

"प्रायमस. आमच्या घरात जन्मला, सन सतराशे सत्तावन्न, मार्चच्या थंडीत. आई डायना, जिला न्यायाधीशांनी बंदरावर विकत घेतलं. माझ्याच हातांवर तो जन्मला. लढाईसाठी माझ्या सॅम्युएलचं नाव निघालं, तेव्हा न्यायाधीशांनी त्याच्या बदली प्रायमसला धाडलं. तीन वर्षं तो लढला. सॅम्युएल घरी होता. प्रायमस परत आला तेव्हा डाव्या पायाची बोटं बर्फाने गेली होती. त्याला सुटकेचा कागद मिळाला. कारकुनाने आडनाव विचारलं, तर त्याने आमचं सांगितलं. न्यायाधीश रागावले. मी म्हणाले, या नावासाठी तो लढला आहे, आता ते त्याचंही आहे. तो दोर वळण्याचं काम करतो. त्याची बायको व्हायोलेट. त्यांची पाचही मुलं माझ्या हातांवर झाली. हे मी लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही."

खाली पाच मुलांची नावं होती आणि प्रुडन्सची सही.

खातूनबींनी पडद्याआडून विचारलं, "प्रायमस? ते तर स्टोव्हचं नाव ना?"

"जुन्या लॅटिन भाषेत पहिला, असा अर्थ होतो," मी म्हणालो. "तसली नावं ठेवायचे गुलामांना."

"म्हंजे गुलाम होता," कादरभाई म्हणाले. "काळा."

"हो."

"आन् पुढं छापलंय, सॅम्युएल लढला तीन वर्षं."

"हो."

त्यांनी ते पान टिपकागदावर ठेवलं. वाचता येत नसलेल्या अक्षरांवरून त्यांचं बोट हवेतूनच फिरत होतं.

आता मी जे म्हणालो ते मला सांगायला लाज वाटते. पण ते मी म्हणालो होतो. "कादरभाई, बाईंनी होतं तसं करून मागितलं आहे. परत चिकटवून टाका. आपल्याला काय करायचंय परक्यांच्या घरात?"

त्या दिवसांत मी असाच होतो. रामाच्या देवळाच्या दारावर तीन-चार वर्षं अस्पृश्यांचा सत्याग्रह चालला होता. आत घ्यायला हवं हे मला मनातून पटत होतं. पण घरात, गल्लीत, शाळेत मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. गप्प राहणं मला चांगलं जमायचं.

कादरभाई मला रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, खळ लावाया मला किती वेळ लागतो? पण आता मला ठाऊक झालंय. त्याच्यावर खळ लावायची म्हंजे मीबी त्यातलाच झालो." मग म्हणाले, "मलाबी नाव दुसऱ्यानंच दिलंय. पण उस्तादांनी मला उचलून आणलं, जेवू घातलं, हुनर शिकवला. इकत नाय घेतलं. कुणाच्या बदली मराया नाय धाडलं. या गड्याला मालकाचंच आडनाव मिळालं, तरी त्यानं ते घेतलं आन् पोरांना दिलं. त्याला कसं वाटलं असंल, हो?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं टांग्याने मिशनच्या आवारात गेलो. कादरभाईंनी इस्त्रीचा कुडता घातला होता. पान दोन पुठ्ठ्यांमध्ये, स्वच्छ मलमलीत बांधून मांडीवर धरलं होतं.

बाई व्हरांड्यात पेट्या भरत होत्या. त्यांच्या गळ्याशी नेहमी एक चांदीची छोटी पिन असायची. लढाईत लढलेल्यांच्या वंशातल्या स्त्रियांचं त्यांच्या गावी एक मंडळ होतं, त्याची ती खूण. सॅम्युएलमुळे त्यांना ती मिळाली होती.

त्यांनी ते पान उभ्यानेच वाचायला घेतलं. अर्ध्यावर आल्यावर खुर्ची चाचपली आणि बसल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी आपल्याला हे उघडायला सांगितले होते?"

"नाय, बाई," कादरभाई म्हणाले. "पावसानं कोपरा सुटला होता. मी उघडलं. न इचारता उघडलं, ती माझी चूक."

"मग परत चिकटवा. मी म्हटले होते, जसे होते तसे."

"पुस्तक तुमचं हाय. तुम्ही सांगाल तसं करीन. फक्त एक सांगतो, मग चिकटवतो." कादरभाई हात जोडून उभे होते, पण आवाज कापत नव्हता. "माझ्या खळीत मोरचूद असतो. कीड लागू नये म्हणून. ती खळ एकदा बसली की पान पुन्हा कुणाच्या बापाला सुटायचं नाय. हे ज्यानं चिकटवलं ना, त्यानं साध्या पिठाची पातळ खळ लावली होती. तीबी फक्त कडेला. मजकुरावर एक थेंब नाय. त्याला पान फाडता आलं असतं, बाई. चूल घरातच होती. जाळता आलं असतं. त्यानं नाय जाळलं. कधीतरी कुणीतरी उघडावं, असंच त्याच्या मनात असंल. मला तसं वाटलं, म्हणून घेऊन आलो."

पान बाईंच्या मांडीवर तसंच होतं. त्यांनी हाताने खूण केली, जा म्हणून. आम्ही निघालो. टांग्यात कादरभाई एवढंच म्हणाले, "म्हातारीला एकटीला सोडून आलो आपण. चांगलं नाय केलं."

आठ दिवस काही कळलं नाही. कादरभाईंचं जेवणावर मन नव्हतं, हे खातूनबींनी मला सांगितलं. त्यांना वाटे, बाईंचं इथलं शेवटचं वर्ष आपण नासवलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी, मी शाळेतून परतताना, दुकानासमोर बाईंचा टांगा उभा दिसला. आत त्या फळकुटावर बसल्या होत्या. गळ्याशी पिन नव्हती. मला पाहून म्हणाल्या, "मास्तर, आपणही बसा. आपण वाचले आहे, तर हेही ऐका."

आणि त्यांनी सांगितलं. त्या सात-आठ वर्षांच्या असताना आजोबांच्या घरी मागच्या दाराशी एक काळी बाई अंडी विकायला यायची. तिच्या टोपलीवर रंगाने ॲशवेल असं लिहिलेलं होतं. लहानग्या मार्थाने आजीला विचारलं, हिचं नाव आपलं कसं? आजीने तिला दंडाला धरून आत ओढलं. "तेव्हा आजोबा तेथेच बसले होते," बाई म्हणाल्या. "ते काहीच बोलले नाहीत. पण उठून बाहेर गेले आणि त्यांनी त्या बाईची टोपली घरापर्यंत वाहून दिली. मी खिडकीतून पाहिले. इतकी वर्षे मला वाटत होते, आजोबा फार सभ्य होते म्हणून. कादरभाई, पान त्यांनीच चिकटवले असणार. पुस्तक त्यांनीच बांधून घेतले होते."

त्या बोलता बोलता थांबल्या. पडदा बाजूला झाला आणि खातूनबी, ज्या परक्यांपुढे कधी येत नसत, पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आल्या. मी उठून तोंड फिरवलं. त्या बाईंच्या शेजारी बसल्या. दोघींच्या बोलण्यातलं मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने बाईंचा मोकळा आवाज आला, "पान उघडेच ठेवा. आणि त्याच्यामागे वीस कोरी पाने घाला. ती पाच मुले होती. त्यांची मुले असतील. मी जाऊन शोधणार आहे."

"वीस कशाला, चाळीस घालतो," कादरभाई म्हणाले.

पुस्तक माघात तयार झालं. तसं काम कादरभाईंनी आधी केलं नव्हतं आणि पुढेही केलं नाही. एकेक जुज, म्हणजे पानांचा घडीचा जुडगा, तिहेरी दोऱ्याने शिवलेला. पाठ लालसर चामड्याची. प्रायमसचं पान त्यांनी पातळ मलमलीवर चढवलं, म्हणजे शंभर वेळा उलटलं तरी फाटू नये. बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी पुस्तक उघडून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "यावर आपले नाव कोठे आहे?"

"माझं? कशाला? बांधणारा कुठं नाव घालतो?"

"घालतात. आमच्याकडे मागच्या पुठ्ठ्याच्या आत छोटी चिठ्ठी असते."

कादरभाई लाजले. खूप आग्रह झाला तेव्हा त्यांनी मला कागदाचा तुकडा दिला आणि लिहायला सांगितलं. काय लिहायचं ते ठरवायला त्यांना वेळ लागला. शेवटी म्हणाले, "लिहा, हारुन जिल्दसाज यांच्या हातचा कादर. नाशिक." मी ते मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. चिठ्ठी त्यांनी स्वतः चिकटवली. मोरचुदाची खळ लावून.

बाई फेब्रुवारीत गेल्या. स्टेशनवर दवाखान्यातली माणसं होती, हारतुरे होते. आम्ही दोघे मागे उभे होतो. गाडी हलताना बाईंनी खिडकीतून गर्दीवरून पाहिलं, कादरभाई दिसले, तेव्हा त्यांनी पिशवीतलं पुस्तक थोडं वर काढून दाखवलं.

दीड वर्ष पत्र आलं नाही. मग पस्तीसच्या पावसाळ्यात माझ्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. मी ते न उघडता दुकानात नेलं.

बाईंनी त्या पिनवाल्या स्त्रियांच्या मंडळाच्या सभेत उभं राहून ते पान मोठ्याने वाचलं होतं. काही बायका उठून गेल्या. एक म्हणाली, मार्था हिंदुस्थानात राहून चळली आहे. बाईंनी पिन टेबलावर ठेवली आणि घरी आल्या. मग सहा महिने जुनी दफ्तरं, दफनभूमी आणि काळ्या लोकांचं छोटं चर्च पालथं घातलं. शेवटी प्रायमसची पणती सापडली. हॅना ॲशवेल, वय एकाहत्तर, कपड्यांना इस्त्री करून पोट भरायची. बाईंच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे ती जन्मभर राहत होती.

"पहिल्या भेटीत तिने मला दारातच उभे ठेवले," बाईंनी लिहिलं होतं. "तिला वाटले, मी काहीतरी मागायला आले आहे. मी पान वाचून दाखवले. ती म्हणाली, हे आम्हाला ठाऊक आहे, आमच्या घरी सांगत आले आहेत, बोटांचेसुद्धा. फक्त तुमच्याकडे ते लिहिलेले आहे, हे ठाऊक नव्हते. दुसऱ्या भेटीत तिने मला आत बोलावले. आता आम्ही दर गुरुवारी एकत्र जेवतो. ती म्हणते, मला स्वयंपाक येत नाही. ते खरे आहे."

पाकिटात फोटो होता. दोन म्हाताऱ्या, एक गोरी, एक काळी, पायरीवर बसलेल्या. खातूनबींनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "अंडी विकणारी ती हिची आई असंल का हो?" मी पत्र पुन्हा वाचलं. ते त्यात होतं. हॅनाची आईच ती.

कादरभाई डोळे पुसत होते आणि म्हणत होते की, मोरचूद डोळ्यात गेला.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी पत्र यायचं. कादरभाई सांगायचे तसं मी उत्तर लिहायचो. पुस्तकाला वर्षातून एकदा सावलीत वारा द्या. तेलाचा हात लावू नका. तब्येतीला जपा. सदतीसच्या शेवटी आलेल्या पाकिटावर अक्षर वेगळं होतं, मोठं आणि वेडंवाकडं. हॅनाने लिहिलं होतं. मार्था झोपेतच गेली. तिला कुणी नव्हतं, म्हणून आम्ही आमच्या घराण्याच्या दफनाच्या जागेत तिला ठेवलं आहे, प्रायमसच्या पायाशी. पुस्तक तिने माझ्याकडे दिलं. इतिहास मंडळाला नाही दिलं.

कादरभाईंनी त्या दिवशी दुकान बंद केलं. मशिदीत जाऊन आले. संध्याकाळी मी निघत होतो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"मास्तर, ते शेवटचं पुन्हा वाचा."

हॅनाच्या पत्रात शेवटी एक यादी होती. कोऱ्या पानांवर तिच्या नातवाने जी नावं भरायला घेतली होती ती. प्रायमसची पाच मुलं, त्यांची मुलं, त्यांची. एकसष्ट नावं. कुणी खलाशी, कुणी न्हावी, एक शिक्षिका, दोन लहानपणीच गेलेली. मी एकेक नाव वाचत गेलो. कादरभाई दुकानाच्या उंबऱ्यावर बसून प्रत्येक नाव आपल्या उच्चारात, हळू आवाजात पुन्हा म्हणत होते. एखादं जिभेवर बसलं नाही की मला थांबवत.

"कसं? पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगायचो. रस्त्यावरून लोक जात होते. दिवे लागेपर्यंत आम्ही पंचेचाळीस नावांपर्यंत आलो होतो. आतून खातूनबींनी भाकरी थापायला घेतल्याचा आवाज आला आणि त्यांनी विचारलं, "मास्तर जेवूनच जातील ना?"

"जातील," कादरभाई म्हणाले. "अजून सोळा राहिलीत."